तिजोरी कोणाची?

शाळेत शिकवीत असताना मी दरवर्षी वर्गात एक प्रश्न विचारीत असे, “सरकारला कर कोण देतो?” उत्तर ठरलेले असे, “श्रीमंत लोक!” त्यावर मी एखाद्या मुलाला विचारी, “मग तुझ्या बुटांवरचा कर कोणी दिला, रे?” वर्ग क्षणभर स्तब्ध होई.

मुलांनो, बुटांच्या किमतीतच कर मिळविलेला असतो. १ जुलै २०१७ पासून आपल्या देशात वस्तू व सेवा कर लागू झाला. हा कर देते गिऱ्हाईक. दुकानदार तो सरकारकडे भरतो. परंतु पावतीवाचून झालेली विक्री हिशेबाबाहेर राहू शकते. मग गिऱ्हाइकाने दिलेला पैसा तिजोरीत पोहोचेलच, असे नाही. ज्याला हे ठाऊक नाही, तो पावती मागत नाही. त्याच्या अज्ञानामुळे तिजोरीला गळती लागते.

कोणी म्हणेल, दंडाचा धाक पुरेसा आहे. मला तसे वाटत नाही. प्रत्येक दुकानापाशी अधिकारी उभा करता येत नाही. जाणते गिऱ्हाईक मात्र प्रत्येक दुकानात जाते.

कर कशासाठी घेतला जातो, हेही लोकांना सांगितले पाहिजे. १९७२ साली महाराष्ट्रात भीषण दुष्काळ होता. गरजू मजुरांना काम देण्यासाठी राज्याने रोजगार हमी योजना हाती घेतली आणि तिच्या खर्चासाठी १९७५ साली व्यवसाय कर बसविला. शहरातील नोकरदाराच्या पगारातून कापलेल्या रुपयाने खेड्यातील मजुराची चूल पेटली. हा संबंध ज्याला उमगला, त्याला ती कपात खुपत नाही.

अर्थात, कर समजलेला नागरिक खर्चाचा जाबही विचारील. त्याने तो अवश्य विचारावा. कायद्याच्या आधारावाचून कर घेता येत नाही, असे आपले संविधान सांगते. ग्रामपंचायतीलाही आपला जमाखर्च ग्रामसभेपुढे ठेवावा लागतो. जेथे हिशेब उघड असतो, तेथे लोकांचा विश्वास बसतो आणि कर देताना हात आखडत नाही.

म्हणून कराचे शिक्षण शाळेपासूनच मिळावे, असे माझे मत आहे. आज घरी गेल्यावर वडीलधाऱ्यांकडून घरपट्टीची पावती मागून घ्या. तीत कोणकोणत्या बाबींचे पैसे घेतले आहेत, ते वाचा. मग रस्त्यावरच्या दिव्याकडे पाहा. त्याच्या उजेडात तुमच्याही घरचा वाटा आहे.