गाडीखाली कोणी शिरायचं?

गेल्या पावसाळ्यात आमच्या संस्थेच्या गाडीखालून खडखड आवाज यायला लागला. गाडी सेकंडहँड, रस्ते तालुक्याचे. प्रत्येक गतिरोधकावर खाली काहीतरी घासायचं आणि वेग वाढला की फडफडायचं. इंजिनाच्या खाली काळ्या प्लास्टिकचं एक रुंद कव्हर असतं. गॅरेजमध्ये त्याला इंजिन गार्ड म्हणतात. रस्त्यावरचं पाणी, चिखल, खडी इंजिनावर आणि त्याच्या पट्ट्यांवर उडू नये म्हणून ते बसवलेलं असतं. आमचं ते पुढच्या बाजूनं सुटलं होतं.

आमचे ड्रायव्हरदादा गाडी गॅरेजला घेऊन गेले आणि बोल्ट आवळून आणले. आठ दिवसांत पुन्हा आवाज सुरू. दुसऱ्या खेपेला नवे बोल्ट घातले. तरी तेच. तिसऱ्या वेळी मी सोबत गेले आणि मिस्त्रींना विचारलं, "हे दर वेळी का सुटतंय?" त्यांनी माझ्याकडे न बघता दादांना सांगितलं, "मॅडमना सांगा, जुनी गाडी आहे, असंच चालायचं." मी त्यांच्यापासून दोन हातांवर उभी होते.

हा अपमान मी गिळलाही असता. असे रोज गिळतोच आपण. पण त्यानंतर पंधरा दिवसांनी जे घडलं ते मात्र गिळता येईना.

दादा रजेवर होते. संध्याकाळी फोन आला. एका बाईला नवऱ्यानं घराबाहेर काढलं होतं. दोन मुलांना घेऊन ती गावाच्या फाट्यावर उभी होती. मला गाडी चालवता येते, म्हणून मी एकटीच निघाले. अर्ध्या वाटेवर ते गार्ड पुढून पूर्ण खाली आलं आणि रस्त्यावर घासत जायला लागलं. पाऊस, अंधार आणि तो कर्कश आवाज. मी गाडी थांबवली. बॅटरी मारून खाली पाहिलं, पण काय पाहतेय तेच कळेना. हा गाडीचा महत्त्वाचा भाग की नुसतं झाकण? असंच पुढे नेलं तर पेट घेईल का? दादांचा फोन लागेना. शेवटी मोटारसायकलवरून जाणारे एक शेतकरी थांबले. कुंपणाच्या तारेचा तुकडा घेऊन त्यांनी पाच मिनिटांत ते बांधून दिलं. तोवर दीड तास गेला होता.

बाई फाट्यावरच होती. मुलं पेंगुळली होती. गाडीत बसताना ती एवढंच म्हणाली, "ताई, मला वाटलं तुम्हीबी येत नाही."

त्या दीड तासात काय काय होऊ शकलं असतं, हे या अंकाच्या वाचक मैत्रिणींना सांगायला नको. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचाराच्या कायद्याची कलमं मला पाठ आहेत. एम.एस.डब्ल्यू.च्या दोन वर्षांत समुपदेशनाच्या किती पद्धती शिकले. पण ज्या गाडीच्या भरवशावर हे सगळं त्या बाईपर्यंत पोहोचवायचं, तिच्याखाली काय आहे हे मला ठाऊक नव्हतं. मी गाडी चालवायला शिकले होते, इतकंच.

दादा परतल्यावर मी त्यांना म्हटलं, "मला दाखवा." त्यांना नवल वाटलं, मग आनंद झाला. गाड्या धुण्याच्या सेंटरवरच्या रॅम्पवर आम्ही गाडी चढवली. हँडब्रेक ओढला, चाकांना दगड लावले, इंजिन गार होऊ दिलं. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली कधीही शिरायचं नाही, हा त्यांचा पहिला धडा. दहा नंबरच्या पान्यानं बोल्ट मीच काढले आणि गार्ड खाली घेतलं.

दोष तेव्हा सरळ दिसला. बोल्ट चांगले होते आणि ते ज्यात बसतात ते वरचे आटेही शाबूत होते. झिजली होती ती प्लास्टिकची भोकं. हादरे बसून बसून ती इतकी मोठी झाली होती की बोल्टाचं डोकंच आरपार जात होतं. अशा भोकात कितीही नवा बोल्ट घाला आणि कितीही आवळा, तो धरणार कशाला?

उपाय साधा निघाला. बोल्टाच्या डोक्याखाली मोठ्या तोंडाचे वायसर घातले, म्हणजे दाब भोकाच्या काठावर न येता सभोवारच्या शाबूत प्लास्टिकवर पसरतो. मध्ये जुन्या ट्यूबचे कापलेले रबराचे तुकडे दिले. दोन भोकं पार काठापर्यंत फाटली होती. तिथं वरून आणि खालून ॲल्युमिनियमची पट्टी धरून ती छोट्या नटबोल्टांनी प्लास्टिकला बसवली आणि पट्टीलाच नवं भोक पाडलं. बोल्ट घट्ट बसेल इतकाच आवळला, फार आवळला तर प्लास्टिक तडकतं. सायलेन्सरच्या पाइपाजवळ प्लास्टिकचे बंद वापरायचे नाहीत, ते वितळतात. सगळा खर्च शंभर रुपयांच्या आत. त्यानंतर आजपर्यंत ते सुटलेलं नाही.

वायसर हातात घेतला तेव्हा मला आईची आठवण झाली. रॉकेलच्या स्टोव्हच्या पंपातला चामड्याचा वायसर सुकला की ती तो काढून तेलात भिजवायची आणि पुन्हा बसवायची. स्टोव्हला पिन मारणं, कुकरची रिंग बदलणं, शिलाई मशीन उघडून तेल घालणं हे सगळं घराघरातल्या बायका करत आल्या. पण त्याला कोणी तांत्रिक ज्ञान म्हटलं नाही. तेच काम गॅरेजात गेलं की त्याचा मिस्त्री होतो. या शब्दाला आपल्या भाषेत स्त्रीलिंगी रूपसुद्धा नाही.

हे आपोआप झालेलं नाही. १९४८ च्या कारखाने कायद्याचं कलम २२ चालू यंत्राची सफाई, तेलपाणी आणि जुळणी यांतल्या धोक्याच्या कामांपासून कोणाला दूर ठेवायचं ते सांगत होतं. त्यात बायका आणि अल्पवयीन एकाच ओळीत होते. चालतं यंत्र पुरुषाचा हात काय सोडून देतं? १९७४ साली टेल्कोच्या जाहिरातीत महिलांनी अर्ज करू नये असं छापलेलं पाहून सुधा कुलकर्णी, म्हणजे पुढच्या सुधा मूर्ती, यांनी थेट जे.आर.डी. टाटांना पोस्टकार्ड पाठवलं आणि नोकरी मिळवली. पण पोस्टकार्ड लिहिणारीकडे इंजिनिअरिंगची पदवी तरी होती. उत्तर प्रदेशातल्या बांदा जिल्ह्यात नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला महिला समाख्याच्या कामातून गावच्या दलित आणि आदिवासी बायका हातपंप दुरुस्त करायला शिकल्या. त्यांतल्या कित्येकींना लिहिता-वाचता येत नव्हतं. पंप बंद पडला की पायपीट बाईची होते, मग पाना तिच्या हाती का नको, इतका तो साधा हिशेब होता.

कोणी म्हणेल, मिस्त्रीच्या पोटावर पाय कशाला? तसं मला मुळीच म्हणायचं नाही. मोठी कामं आजही गॅरेजमध्येच जातात. फरक इतकाच की आता मी "भोकं झिजलीत, मोठे वायसर टाका" असं सांगू शकते आणि मिस्त्री मला उत्तर देतात. आणखी एक कबुली द्यायला हवी. हातांना ग्रीस लागणं हे आपलं काम नाही, ही समजूत केवळ बाईपणातून येत नाही, आपल्या शिकलेपणातूनही येते. चार वर्षं दादांच्या शेजारी बसून मी प्रवास केला आणि त्यांना काय येतं हे एकदाही विचारलं नाही.

म्हणून माझी सूचना आहे. आपल्या संस्थांच्या कार्यकर्ती शिबिरांत कायदा आणि आरोग्याच्या सत्रांबरोबर एक दिवस वाहनाचा ठेवावा. चाक बदलणं, तेल-पाणी पाहणं, बॅटरीची जोडणी, गाडीखालचं काय सुटलं तर तात्पुरतं कसं बांधायचं, एवढं पुरे. शिकवायला बाहेरचा तज्ज्ञ नको, संस्थेच्या ड्रायव्हरलाच त्या दिवसाचं मानधन देऊन बोलवावं. आणि गाडीच्या डिकीत दहा नंबरचा पाना, चार मोठे वायसर, थोडी तार आणि एक बॅटरी कायम असावी. आमच्या गाडीत आता आहे.