सर्व्हिस मोटार ते वडाप

मंडळी, 'सर्व्हिस मोटार' म्हणजे काय, घरातल्या म्हाताऱ्यांना विचारा. ट्रकच्या चॅसीवर लाकडी सांगाडा, आत बाकडी, झाली बस! महायुद्धात पेट्रोलची टंचाई आली तेव्हा कोळशाच्या गॅसवरही अशा गाड्या धावल्या. भरली की निघणार, हेच वेळापत्रक. मग १ जून १९४८ ला पुणे-अहमदनगर पहिली एसटी सुटली.

आज काय चाललंय? ज्या वाडीला एसटी नाही, तिथल्या पोरी मालवाहू टेम्पोत बाकडं टाकलेल्या वडापने कॉलेजला जातात. परत तेच, भरली की निघणार! वडापवाल्याला मी दोष देत नाही, तो पोट भरतोय. पण ७५ वर्षांनंतर आपण पुन्हा तिथेच? ग्रामसभेत सकाळच्या एसटीचा ठराव करा. बातमी मी लावतो.