तळं खुलं आहे, पाणी कुठाय?

1923 साली मुंबईच्या कायदेमंडळात बोले ठराव पास झाला. 1924 ला महाडच्या नगरपालिकेनं चवदार तळं सगळ्यांना खुलं केलं. कागदावर. पाणी आपल्या ओंजळीत आलं 20 मार्च 1927 ला, बाबासाहेब पायऱ्या उतरले तेव्हा. मधली तीन वर्षं ठराव तळ्यावर शेवाळासारखा पडून होता.

दोस्तांनो, आजही तसंच एक तळं आहे. सरकारी दवाखाना. काठावर तहानलेली उभी आहेत ती आपल्याच वस्तीतली माणसं. पुरुषावर जीव लावणारा पुरुष. बाईवर जीव लावणारी बाई. जन्माच्या दाखल्यावर मुलगा म्हणून लिहिलेली, पण आतून बाई असलेली. त्यांच्या मनाला दुखणं झालं तर ती कुठं जाणार?

कागद बघा. मानसिक आरोग्य सेवा कायदा 2017 चा, लागू झाला 29 मे 2018 ला. त्याचं कलम 18 म्हणतं, मनाच्या दुखण्यावर उपचार हा प्रत्येकाचा हक्क. त्यात लिंग, लैंगिक कल, धर्म, जात, वर्ग यांवरून भेद चालणार नाही. नीट वाचा, जात आणि लैंगिक कल एकाच ओळीत बसलेत. तेच कलम म्हणतं, ही सेवा प्राथमिक आरोग्य केंद्रापासून द्या. जागतिक आरोग्य संघटनेनं 1990 लाच समलिंगी असणं रोगांच्या यादीतून काढलं. 6 सप्टेंबर 2018 ला सुप्रीम कोर्टानं 377 कलमाचा दात उपटला. 2022 ला राष्ट्रीय वैद्यकीय आयोगानं बजावलं की अशा माणसाला 'सुधारायला' जाणं हे डॉक्टरचं गैरवर्तन आहे.

तळं खुलं झालं. आता पाण्याची गोष्ट ऐका.

मी मॅट्रिक. मालधक्क्यावर पोती वाहतो. आमच्या टोळीतल्या एका गड्याची तीन महिने झोप उडाली, जेवण तुटलं. एका डॉक्टरकडं गेला, धीर करून खरं ते सांगितलं. डॉक्टर म्हणाला, "लगीन कर, समदं नीट होईल." घ्या! लग्नाची गोळी. याच्या दुखण्यावर कुणा पोरीच्या आयुष्याची पुडी बांधून दिली. कुणी विचारलं नाही, बाबा, जगावंसं वाटतंय का? घरचे मारतात का? मुकादमाला कळलं तर काम जाईल, अशी भीती वाटते का? दुखणं तिथं होतं. प्रेमात नव्हतं. औषध उदासीवर द्यायचं असतं, प्रेमावर नाही. एवढं कळायला डॉक्टरला परदेशात जावं लागत नाही.

दुसरं दुखणं खिडकीवरचं. केसपेपरवरचं जुनं नाव मोठ्यानं पुकारतात. रांग हसते. ती बाई उठते, निघून जाते, पुन्हा येत नाही. मराठवाड्याच्या माणसाला नावाची किंमत कुणी सांगावी? 27 जुलै 1978 ला विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव झाला, नाव लागलं 14 जानेवारी 1994 ला. मधल्या काळात आपली घरं जळाली, माणसं मेली. ज्यांनी एका नावासाठी सोळा वर्षं रक्त आटवलं, त्यांच्या जिभेला एका बाईनं निवडलेलं नाव जड कामून व्हावं?

आपल्यातले काही म्हणतात, हे श्रीमंतांचे चोचले, आपला प्रश्न पोटाचा. आणि हेच मोर्चात मंत्र्याला बांगड्या धाडतात! त्यांना 1934 चा खटला आठवून द्या. रघुनाथ धोंडो कर्व्यांच्या 'समाजस्वास्थ्य'वर अश्लीलतेचा खटला भरला होता. वाचकांनी विचारलेल्या लैंगिक प्रश्नांना त्यांनी उत्तरं दिली, हा गुन्हा. त्यात समलिंगी संबंधांचाही प्रश्न होता. मुंबई हायकोर्टात कर्व्यांची बाजू मांडायला उभे राहिले बाबासाहेब. केस हरली, कर्व्यांना दंड झाला. पण बाबासाहेबांनी 'हा आपला प्रश्न नाही' म्हणून वकीलपत्र परत केलं नव्हतं.

आणि पोटाचंच म्हणाल तर हिशेब करा. पैसेवाल्याचं पोरगं फी मोजून खाजगी समुपदेशकाकडं जातं. आपल्या पोराला घाटी गाठायची तर दिवसाची मजुरी बुडते. म्हणून उपचार वस्तीतल्या केंद्रातच पाहिजे. हा पोटाचाच प्रश्न आहे.

आमचं मागणं साधं आहे. केंद्रातल्या डॉक्टरनं, नर्सनं, आशाताईनं "लग्न झालं का?" ऐवजी "जवळचं कोण आहे?" असं विचारावं. माणूस सांगेल त्या नावानं हाक मारावी. ऐकलेलं घरच्यांच्या, शेजाऱ्यांच्या कानावर घालू नये. गुप्तता हाही याच कायद्यातला हक्क आहे. झोप, भूक, मरणाचे विचार यांची विचारपूस करावी, आणि गरज पडली तर पुढच्या डॉक्टरकडं चिठ्ठी द्यावी. हे सगळं कर्मचाऱ्यांना शिकवायला सरकारनं पैसा ठेवावा.

ज्याला आजची रात्र काढणं जड जातंय, त्यानं 14416 वर फोन करावा. 2022 पासूनची ही सरकारी टेलि-मानस सेवा, फुकट, दिवसरात्र.

बाकीच्यांनी कलम 18 वहीत उतरवून आपल्या वस्तीतल्या आरोग्य केंद्रात जावं. एकट्यानं नको, चौघांनी. ज्याला आत जायची भीती वाटते, त्याला मधे घेऊन. डॉक्टरला विचारा, हे कलम तुमच्या केंद्रात चालतं का? उत्तर लिहून घ्या. आम्हाला धाडा. पुढच्या अंकात केंद्राच्या नावासकट छापू.