आधी बीडिंग, मग बफिंग

सकाळी सोलापूरहून नळदुर्गकडे येताना ऊन थेट चालकाच्या डोळ्यांवर येतं. संध्याकाळी परततानाही तेच. दिवसभर न दिसलेले काचेवरचे चरे त्या तिरप्या उन्हात पेटून उठतात आणि पुढचा ट्रक दिसेनासा होतो. हैदराबाद महामार्गावर काचेचं काम करणाऱ्या आपल्या मंडळींनी पॉलिशला नुसतं शोभेचं काम समजू नये.

इथली धूळच काचेपेक्षा कठीण आहे. नळदुर्गचा किल्ला ज्या काळ्या दगडाचा, त्यातलं फेल्डस्पार मोह्सच्या काठिण्य-मापावर ६ च्या घरात, वाळूतलं क्वार्ट्झ ७ आणि काच साधारण साडेपाच. ढाब्यावर गाडी थांबली की कोरडं फडकं फिरतं आणि तिथेच नुकसान होतं. दाराच्या काचेवरच्या उभ्या रेघा मात्र बहुतेक वेळा बीडिंगच्या फेल्टमध्ये अडकलेल्या कचीच्या असतात. काच खाली-वर झाली की तीच रेघ आणखी खोल जाते. फेल्ट न धुता, न बदलता पॉलिश केलं, तर गिऱ्हाईक तक्रार घेऊन परत येणार, आणि त्याचं बरोबरच असेल.

पुष्कळदा चरा नसतोच. बोअरच्या जड पाण्याचे पांढरे डाग ताजे असतील तर व्हिनेगरने निघतात. कधी तो गोंदही असतो: सर्वोच्च न्यायालयाच्या २०१२ च्या बंदीच्या निकालानंतर गाड्यांच्या काचांवरच्या काळ्या फिल्म ओरबाडल्या गेल्या. तसा मागे राहिलेला गोंद कोमट साबणपाण्यात भिजवून प्लास्टिकच्या पट्टीने काढावा. डिफॉगरच्या तारा असलेल्या काचेला ब्लेड लावूच नये.

खऱ्या चऱ्यावर नख फिरवून पाहा. अडकलं नाही, तर सिरियम ऑक्साइड पाण्यात कालवून फेल्टच्या चकतीने, कमी वेगात, लेप सतत ओला ठेवून घासा. काच हाताला गरम लागली की थांबा. तापली तर तडकते. नख अडकलं, तर चरा जाईपर्यंत घासताना खळगा पडतो आणि त्यातून रस्ता लहरता दिसतो. चालकासमोर हा खळगा चऱ्याहून घातक. तिथे काच बदलायलाच सांगावं, हातचं काम गेलं तरी.

डाग झटपट काढणाऱ्या बाटलीवर हायड्रोफ्लोरिक ॲसिड किंवा बायफ्लोराइड लिहिलेलं असेल, तर ती दुकानात ठेवू नका. ते काच खातं, कातडीतून आत शिरतं आणि त्याच्या वेदना कधीकधी काही तासांनी सुरू होतात.