फ्रेंचचा कोर्स घेताय? आधी गिऱ्हाईक सांगा

व्हिडिओत हा विषय मी चार मिनिटांत उरकला होता. पण त्यानंतर दुकानात वेगवेगळ्या दिवशी तीन जण आले आणि तिघांचाही प्रश्न एकच: "भाऊ, घरबसल्या फ्रेंच शिकायचं आहे, कोणता कोर्स घेऊ?" म्हणून इथे सविस्तर लिहितो.

कोर्सची नावं सांगतो, पण नंतर. आधी तुमचं गिऱ्हाईक कोण ते सांगा. दुकानात माल भरताना आपण काय करतो? एजंट म्हणतो, "साहेब, स्कीम आहे, दहावर दोन फ्री." आपण विचारतो, "पण हा माल नागभीडला खपेल का?" कोर्स घेताना मात्र हीच माणसं स्कीम बघून पैसे भरतात. लाइफटाइम ॲक्सेस, ७० टक्के सूट, आज रात्री १२ पर्यंतच! लाइफटाइम ॲक्सेस म्हणजे काय, तर न खपलेला माल आयुष्यभर गोदामात ठेवायची परवानगी.

तिघांपैकी पहिला मुलगा कोलारा गेटच्या बाजूचा, ताडोब्यात गाईडचं काम करायची तयारी चाललेला. आईच्या बचत गटातून उचल घेऊन एका ऑनलाइन क्लासचं वर्षाचं पॅकेज भरणार होता. आईच्या गटाचे पैसे म्हणजे दर महिन्याला हप्ता आला, आणि हप्ता चुकला तर गटातल्या बाकी बायांसमोर आईची मान खाली. म्हणून त्याला मी अर्धा तास बसवून ठेवलं.

त्याला विचारलं, जिप्सीत बसलेल्या फ्रेंच पाहुण्याशी तू काय बोलणार? नमस्कार, स्वागत, उजवीकडे बघा, आवाज करू नका, पाणी हवं का, वाघ आत्ताच इथून गेला. प्राण्यांची नावं चाळीस, पक्ष्यांची पन्नास, झाडांची वीस. एवढंच ना? मग त्याला व्याकरणाचे बारा मॉड्यूल कशाला? त्याला कान आणि तोंड पाहिजे. फ्रेंचमध्ये लिहितात एक आणि बोलतात दुसरंच. पक्षी म्हणजे 'वाझो'. पण रोमन लिपीत तो ओ-आय-एस-ई-ए-यू असा लिहितात. वाचून उच्चार शिकणारा माणूस इथेच 'ओइसियू' म्हणून मोकळा होतो आणि पाहुणा गोंधळतो. मोर म्हणजे 'पां', अस्वल म्हणजे 'उर्स'. हे ऐकूनच येतं. म्हणून त्याच्यासाठी ऑडिओवर चालणारा कोर्स. पिम्सलर नावाची पद्धत आहे, अर्ध्या अर्ध्या तासाचे धडे, पुस्तक जवळपास नाहीच. माणूस विचारतो, तुम्ही मोठ्याने उत्तर द्यायचं. गाडीवर जाता-येता होतं. आणि प्राणी-पक्ष्यांची यादी कुठलाच कोर्स देणार नाही, ती स्वतःच करावी लागेल.

वेळेचाही हिशोब त्याच्यासमोर मांडला. ताडोब्याचा कोर भाग १ जुलै ते ३० सप्टेंबर बंद असतो. बफरमध्ये थोडंफार काम चालतं, पण हात बऱ्यापैकी मोकळे. रोज एक तास धरला तर ९० तास. युरोपात भाषेच्या सहा पायऱ्या मानतात, ए-वन पासून सी-टू पर्यंत. पहिली पायरी चढायला साधारण ६० ते १०० तास लागतात. म्हणजे एका पावसाळ्यात पहिली पायरी होते, आणि गाईडला सुरुवातीला तेवढी पुरते. वर्षाचं पॅकेज कशाला? हो, एक गोष्ट मात्र स्पष्ट सांगितली: इंग्रजी कच्चं असेल तर आधी इंग्रजी. फ्रेंच पाहुणा बहुतेक वेळा थोडंफार इंग्रजी बोलतो, आणि जपानी, जर्मन पाहुण्याशी तुझं फ्रेंच काय कामाचं?

दुसरे काका भाताच्या धंद्यातले. त्यांचा प्रश्न ऐकून मी खूश झालो, कारण हा विचार आपल्याकडे फार कमी लोक करतात. आपला तालुका धानाचा. एचएमटी तांदूळ शोधणारे दादाजी खोब्रागडे आपल्याच तालुक्यातल्या नांदेडचे. शिक्षण तिसरीपर्यंत, शेतात वेगळी लोंबी दिसली ती बाजूला काढून वर्षानुवर्षं निवड करत गेले. पण परदेशात जाणारा सगळा तांदूळ एचएमटीसारखा बारीक नसतो. भारताचा बिगर-बासमती तांदूळ मोठ्या प्रमाणावर पश्चिम आफ्रिकेत जातो: बेनिन, टोगो, सेनेगल, आयव्हरी कोस्ट. हे देश पूर्वी फ्रान्सच्या ताब्यात होते, आणि आजही सरकारी कागद, बँक, कस्टम सगळं फ्रेंचमध्ये. सेनेगलमध्ये तर कणीच आवडीने खातात. मासे घालून केलेला त्यांचा मुख्य भात कणीचाच असतो. आपण जी कणी स्वस्तात काढतो, तिला तिथे 'री ब्रिझे' म्हणून मान आहे. उसना तांदूळ म्हणजे 'री एत्युव्हे'.

पण काकांना गोड बोलून फसवणं मला जमणार नाही. फ्रेंच येऊन निर्यात होत नाही. आधी आयात-निर्यात कोड, त्याची सरकारी फी ५०० रुपये. मग अपेडाची नोंदणी. मग काकीनाड्यासारख्या बंदरावर माल चढवणारा भरवशाचा माणूस. आणि सरकारच्या धोरणाचा धक्का वेगळाच. सप्टेंबर २०२२ मध्ये कणीची निर्यात बंद झाली, २० जुलै २०२३ ला बिगर-बासमती पांढऱ्या तांदळाचीही. पांढऱ्या तांदळावरची बंदी उठायला सप्टेंबर २०२४ उजाडलं. त्या काळात तुम्ही कितीही छान फ्रेंच बोलला असता, तरी पोतं जागचं हललं नसतं.

तरीही काकांनी शिकावं असं मला वाटतं, पण वेगळ्या पद्धतीने. त्यांना बोलण्यापेक्षा वाचणं जास्त लागेल. इनव्हॉइस म्हणजे 'फाक्तूर', जहाजाची बिल ऑफ लेडिंग म्हणजे 'कोनेसमां'. ई-मेल मोबाइलवर भाषांतर करून कळते, नाही असं नाही, पण पैशाच्या कागदावर मशीनच्या भरवशावर सही करू नये. त्यांच्यासाठी असिमिल. फ्रान्समधली कंपनी, १९२९ पासूनची. एका पानावर फ्रेंच संवाद, समोरच्या पानावर त्याचं भाषांतर, रोज एक छोटा धडा. एकच पुस्तक, एकदाच खर्च. जोडीला आरएफआय या फ्रेंच रेडिओची सोप्या फ्रेंचमधली दहा मिनिटांची बातमीपत्रं, फुकट, लेखी मजकुरासह. सुरुवातीला डोक्यावरून जातील, सहा महिन्यांनी उघडा. हा रेडिओ पश्चिम आफ्रिकेत घराघरात ऐकतात, म्हणजे गिऱ्हाईक काय ऐकतं तेही कळतं.

तिसरी ताई, बी.कॉम. झालेली, तिला कॅनडा. हे लवकर सांगून टाकतो. तिथल्या कायम रहिवासाच्या निवडीत फ्रेंचचा फायदा होतो हे खरं आहे. पण त्यासाठी साधारण बी-टू पातळी लागते, म्हणजे ५५० ते ६५० तास. रोज एक तास केला तर दीड वर्षाहून जास्त. "तीन महिन्यांत कॅनडा-रेडी" म्हणणारा क्लास तुम्हाला गणित येत नाही असं समजूनच जाहिरात करतो. इथे मी स्वतः शिका असंही म्हणणार नाही. पहिल्या दोन पायऱ्या घरी करा, पुढे लिहिण्या-बोलण्याच्या परीक्षेला तपासणारा शिक्षक पाहिजेच. टेफ कॅनडा किंवा टीसीएफ कॅनडा या परीक्षांचा निकाल दोनच वर्षं चालतो, म्हणून घाईने परीक्षा देऊन ठेवू नका. डेल्फचं प्रमाणपत्र आयुष्यभर चालतं, पण ते वेगळ्या कामाचं.

आता अडचण अशी की हे जवळपास सगळे कोर्स इंग्रजीतून आहेत. मराठीतून पूर्ण स्वयंशिक्षण कोर्स माझ्या पाहण्यात नाही, आणि कोणी चांगला काढला तर तोच एक धंदा आहे, ऐकताय ना? पण मराठी माणसाला काही गोष्टी इंग्रजीवाल्यापेक्षा सोप्या जातात आणि कोर्स त्या सांगत नाही. 'तू' आणि 'तुम्ही' हा फरक फ्रेंचमध्ये तसाच आहे, 'त्यु' आणि 'वू'. पाहुण्याला कायम वू. निर्जीव वस्तूंना लिंग असतं यात आपल्याला नवल नाही. फक्त लिंग जुळेल याची खात्री नाही, आपलं 'ते टेबल' तिकडे 'ती' होतं. नाकातले उच्चार आपण सहज काढतो. आणि मोजणी! ऐंशीला ते 'चार वीस' म्हणतात, ब्याण्णवला 'चार वीस बारा'. आपली म्हातारी माणसं कोडीने मोजायची, एक कोडी म्हणजे वीस. आजोबांना विचारा, चार कोडी बारा म्हणजे किती, लगेच सांगतील.

फुकट काय, असंही विचारतात. टीव्ही-सांक-मोंद या वाहिनीचे धडे फुकट आहेत, पायरीनुसार लावलेले, चांगले आहेत. अमेरिकी सरकारने आपल्या राजदूतांसाठी केलेला एफएसआय कोर्सही फुकट मिळतो. जुना, कंटाळवाणा, पण घोटून घेतो. ड्युओलिंगो सवय लावायला बरं, पण रोजचा आकडा तुटू नये म्हणून झोपताना दोन मिनिटं बोट फिरवणं याला मी अभ्यास म्हणत नाही.

कोलाऱ्याच्या त्या मुलाने गटाची उचल घेतली नाही. ऑडिओचे पहिले काही धडे आणि टीव्ही-सांक-मोंद यावर तो महिनाभर चालवणार आहे. तीस दिवस सलग झाले तर थोडे पैसे खर्चून ऑनलाइन शिक्षकाबरोबर अर्ध्या अर्ध्या तासाची चार-पाच सेशन घ्यायची, फक्त बोलायला, आणि प्राण्यांची यादी त्याच्याकडून उच्चारासकट तपासून घ्यायची, असं ठरलं आहे. यादी तो आधी देवनागरीत लिहिणार आहे.