सुरुंगाच्या जखमांवर नदीची फुंकर

चामोर्शी : गडचिरोलीतील सशस्त्र संघर्षाला उतरती कळा लागल्याचे ऑक्टोबर २०२५ मध्ये ठळकपणे दिसून आले. माओवादी पक्षाचा ज्येष्ठ नेता मल्लोजुला वेणुगोपाल राव ऊर्फ भूपती याने आपल्या ६० सहकाऱ्यांसह गडचिरोलीत मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांच्यासमोर शस्त्रे खाली ठेवली. त्यानंतर पुनर्वसनाची चर्चा रंगली, ती साहजिकच शरण आलेल्यांभोवती. मात्र, या संघर्षाची दुसरी बाजू ज्यांच्या शरीरावर कायमची उमटली आहे, त्या जखमी जवानांच्या पुनर्वसनाचा विचारही याच वेळी व्हायला हवा. बंदुका शांत झाल्या, तरी त्यांची लढाई संपलेली नाही.

चामोर्शी तालुक्याला ही जखम परकी नाही. ११ मे २०१४ रोजी तालुक्यातील मुरमुरी परिसरातील जंगलात झालेल्या सुरुंगस्फोटात पोलीस दलाचे सात जवान हुतात्मा झाले. १ मे २०१९ रोजी कुरखेडा तालुक्यातील जांभूळखेडा येथे १५ जवान आणि वाहनचालकाचा बळी गेला. अशा घटनांमध्ये मृतांचा आकडा स्मारकावर कोरला जातो. जखमींची नोंद मात्र बातमीच्या शेवटच्या ओळीत होते आणि तेथेच संपते. हेलिकॉप्टरने नागपूर गाठलेला जवान वाचला, एवढ्यावर समाज समाधान मानतो. तो पुढे कसा जगला, हे सहसा कोणी विचारत नाही.

होडी, गळ आणि सोबत

परदेशात या ‘पुढे काय’चा विचार काही वेगळ्या वाटेने झाला आहे. अफगाणिस्तान आणि इराकमधून अवयव गमावून परतलेल्या सैनिकांसाठी अमेरिकेत ‘टीम रिव्हर रनर’ ही संस्था २००४ मध्ये, तर ‘प्रोजेक्ट हीलिंग वॉटर्स’ ही संस्था २००५ मध्ये सुरू झाली. दोन्हींचा आरंभ वॉशिंग्टनच्या वॉल्टर रीड लष्करी रुग्णालयातील जखमींपासून झाला. पहिलीने त्यांच्या हाती वल्हे दिले, दुसरीने गळ. २००७ मध्ये टेक्सासमध्ये स्थापन झालेल्या ‘हीरोज ऑन द वॉटर’ने या दोहोंची सांगड घातली. माजी सैनिकांना कयाकमधून, म्हणजे वल्ह्याने चालणाऱ्या लहान, निमुळत्या होडीतून, मासेमारीला नेण्याचा उपक्रम या संस्थेने रुजवला.

वरवर पाहता ही सहल वाटते, पण तिच्यामागे विचार आहे. मासेमारीच्या कयाकमध्ये बसून काम करायचे असते. त्यामुळे पाय नसलेल्याची उणीव पाण्यावर बरीच कमी होते. खांदे, पाठ आणि हात यांना व्यायाम मिळतो, तोल सावरण्याचा सराव होतो. गळाकडे लक्ष लावून बसताना मन वर्तमानात राहते. शेजारच्या होडीत तसाच जखमी सहकारी असतो. त्याच्याशी बोलायचे असेल तर बोलता येते आणि गप्प राहिले तरी अवघडल्यासारखे वाटत नाही. समुपदेशकासमोर खुर्चीत बसून जे ओठांवर येत नाही, ते कधी कधी अशा निवांतपणात सहज बाहेर पडते.

सुरुंगाने जखमी झालेल्यांच्या बाबतीत आणखी एक मुद्दा आहे. ज्याच्या पायाखालची जमीनच फुटली, त्याचा जमिनीवरचा विश्वास उडणे स्वाभाविक आहे. कच्चा रस्ता, उकरलेली माती, मोरी यांपैकी कशानेही जुना क्षण जागा होऊ शकतो. पाण्यात पाऊल टाकून पारखावे लागत नाही. या भयापासून काही तास तरी सुटका होणे, हीदेखील उपचारातील एक पायरी ठरू शकते.

पुण्याने दाखवलेली वाट

पाण्याच्या या उपचाराला महाराष्ट्र अनोळखी नाही. सांगली जिल्ह्याचे मुरलीकांत पेटकर १९६५ च्या युद्धात गोळ्या लागून अपंग झाले. उपचाराचा भाग म्हणून ते पोहू लागले आणि १९७२ मध्ये हायडेलबर्गच्या पॅरालिम्पिकमध्ये ५० मीटर जलतरणात त्यांनी भारताला सुवर्णपदक मिळवून दिले. अलीकडचे उदाहरण कोंगनापल्ले नारायण यांचे. जम्मू-काश्मीरमध्ये २०१५ साली सुरुंगस्फोटात डावा पाय गमावलेला हा सैनिक पुण्यात नौकानयनाकडे वळला. २०२३ मध्ये हांगझोऊ येथे झालेल्या आशियाई पॅरा क्रीडास्पर्धेत त्यांनी अनिता यांच्या साथीने दुहेरी नौकानयनात रौप्यपदक पटकावले.

या यशामागे संस्थांचे पाठबळ आहे. पुण्यात कृत्रिम अवयव केंद्र आहे, खडकीत मणक्याला इजा झालेल्या सैनिकांसाठी पुनर्वसन केंद्र आहे आणि तेथेच लष्कराचा पॅरालिम्पिक प्रशिक्षण विभागही आहे. या व्यवस्था मुख्यत्वे सैन्यदलातील जखमींसाठी उभ्या राहिल्या. केंद्रीय राखीव पोलीस दलानेही २०२० मध्ये हैदराबाद येथे आपल्या दिव्यांग जवानांसाठी राष्ट्रीय केंद्र सुरू केले. राज्य पोलिसांचा जवान मात्र या वर्तुळाच्या कडेवर राहतो. १९९० मध्ये स्थापन झालेल्या ‘सी-६०’ पथकात प्रामुख्याने स्थानिक तरुण आहेत. त्यांचे घर, शेत आणि नातीगोती इथेच आहेत. त्यांना दर वेळी पुण्याची किंवा हैदराबादची वाट दाखवण्यापेक्षा घराजवळ काय उभे करता येईल, हा खरा प्रश्न आहे.

वैनगंगेचे बळ आणि धोके

त्या दृष्टीने चामोर्शीकडे पाहावे लागते. तालुक्याच्या पश्चिमेला वैनगंगा आहे. मार्कंडा येथे ती उत्तरवाहिनी होते, तर चपराळाजवळ वर्धा नदीला मिळून प्राणहिता बनते. चिचडोह बॅरेजमुळे पात्रात पाण्याचा साठा राहतो. डोंगा चालवणारा आणि नदीचा स्वभाव पिढ्यान्‌पिढ्या ओळखणारा ढिवर समाज काठावर आहे. कयाक नवी असली, तरी वल्हे आणि गळ या भागाला नवे नाहीत. प्रशिक्षक आणि मदतनीस म्हणून या समाजातील तरुणांना मानधन मिळाले, तर उपक्रमाला स्थानिक आधार लाभेल.

मात्र, नदीचा दुसरा चेहराही विसरता येणार नाही. जानेवारी २०२४ मध्ये याच तालुक्यातील गणपूरजवळ मिरची तोडणीला निघालेल्या महिला शेतमजुरांचा डोंगा वैनगंगेत उलटला आणि त्यांच्यापैकी अनेकींना प्राण गमवावे लागले. वरच्या बाजूला गोसेखुर्द धरण आहे. त्यातून विसर्ग सुरू झाला की खालच्या पात्रात पाणी वाढते. त्यामुळे पावसाळा टाळणे, प्रत्येकाला जीवरक्षक जॅकेट देणे, विसर्गाची आगाऊ सूचना मिळवणे आणि सोबत बचाव होडी ठेवणे, या अटींना पर्याय नाही. चपराळा अभयारण्याचे क्षेत्र आणि ढिवरांच्या सहकारी संस्थांचे हक्क यांनाही धक्का लागता कामा नये.

आणखी एका भ्रमापासून सावध राहायला हवे. मासेमारीची सहल हा आघातोत्तर ताणविकारावरील पूर्ण उपचार नव्हे. मानसोपचार, भौतिकोपचार आणि चांगला कृत्रिम पाय यांना ती पूरक आहे, त्यांची जागा घेणारी नाही. वर्षातून एकदा पाहुणे बोलावून, हार-तुरे देऊन आणि छायाचित्रे काढून उरकलेला कार्यक्रम तर जखमीला पुन्हा प्रदर्शनाची वस्तू बनवतो. ठरावीक दिवशी, त्याच सहकाऱ्यांसोबत, गाजावाजा न करता पुन्हा पुन्हा होणारी भेटच उपयोगी ठरते.

खर्चाचा विचार करता ही मागणी अवाच्या सवा नाही. काही कयाक, जीवरक्षक साहित्य, प्रशिक्षित नावाडी आणि जिल्हा रुग्णालयातील मानसोपचार विभागाशी जोडलेले नियमित वेळापत्रक, एवढ्यावर सुरुवात करता येईल. पोलीस दल, आरोग्य विभाग आणि मत्स्यव्यवसाय विभाग एकत्र आले, तर हिवाळ्यातील चार महिने प्रयोगासाठी पुरेसे आहेत. सुरुंगाने हातपाय गमावलेले आदिवासी नागरिकही त्यात सामावून घेता येतील. कारण स्फोटाने गणवेश पाहून माणूस निवडला नव्हता.

संघर्ष संपल्याची घोषणा मंचावरून करता येते. तो जखमींच्या मनातून संपायला मात्र वेळ, सोबत आणि सातत्य लागते. वैनगंगेचे पाणी जवळच आहे; तिथपर्यंत या जवानांना नेण्याची जबाबदारी कोण उचलणार, यावर गडचिरोलीतील शांततेचा खरा कस लागणार आहे.