रद्दीतले कागद

मैत्रिणींनो, दिवाळी आली की आपण बायका पदर खोचून माळे उतरवायला लागतो. परवा दुपारी शाळेतून घरी आले, तर खालच्या बिऱ्हाडातल्या काकूंनी पत्र्याची ट्रंक अंगणात उपडी केलेली. रद्दीवाला तराजू धरून उभा.

"अगं, ह्यांच्या गिरणीचे जुने कागद. वीस वर्षं नुसती जागा अडवून बसलेत," काकू म्हणाल्या.

मी सहज एक कागद उचलला. १९८१ सालची पगाराची चिठ्ठी. खाली कर्मचारी राज्य विम्याचं, म्हणजे ई.एस.आय.चं कार्ड. मी रद्दीवाल्याला म्हटलं, "बाबा, आज तू जा."

का ते सांगते. काका मुंबईतल्या एका ॲस्बेस्टॉसच्या गिरणीत १९७८ ते २००४ अशी सव्वीस वर्षं होते. मग साताऱ्याला आले. गेली चार वर्षं त्यांना धाप लागते, जिना चढताना मध्येच बसावं लागतं. आधी दम्याची औषधं झाली, मग क्षयाची. शेवटी एका तरुण डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "आयुष्यभर काम कशाचं केलंत?" तोवर हा प्रश्न कुणी विचारलाच नव्हता! निदान झालं, ॲस्बेस्टॉसिस.

ॲस्बेस्टॉस हे खाणीतून निघणारं तंतूंचं खनिज. ते जळत नाही, म्हणून छपराचे सिमेंटचे पत्रे, पाइप, गाड्यांचे ब्रेक अशा कितीतरी वस्तूंत ते घातलं गेलं. शाळेच्या प्रयोगशाळेत बर्नरवर ठेवायची ती मधे पांढरा गोल असलेली जाळी आठवते ना? तो गोल ॲस्बेस्टॉसचाच असे. त्याचे तंतू डोळ्यांना न दिसण्याइतके बारीक. श्वासाबरोबर आत गेले की फुप्फुसात रुतून बसतात आणि फुप्फुस हळूहळू ताठर होतं. फुप्फुसाचा कर्करोग, फुप्फुसाच्या किंवा पोटाच्या आवरणाचा मेसोथेलियोमा हा कर्करोग, आणि आपल्या बायकांच्या बीजकोशाचा कर्करोगसुद्धा ह्याने होतो. कामगार विडी-सिगारेट ओढणारा असेल तर फुप्फुसाच्या कर्करोगाचा धोका आणखी कितीतरी वाढतो. आणि हे दुखणं लगेच येत नाही. वीस, तीस, चाळीस वर्षांनी दार ठोठावतं. मुंबईच्या एका ॲस्बेस्टॉस गिरणीतल्या जुन्या कामगारांची तपासणी २००५ साली प्रसिद्ध झाली, तेव्हा सुमारे पाचातल्या एकाला ॲस्बेस्टॉसिस निघाला होता.

आता कागदांचं. ॲस्बेस्टॉसिस हा कामामुळे होणारा रोग म्हणून कायद्याच्या यादीत आहे. भरपाईचे जुने कायदे नोव्हेंबर २०२५ पासून सामाजिक सुरक्षा संहितेत एकत्र आले, पण ती यादी कायम आहे. कामगार ई.एस.आय.मध्ये असेल तर अर्ज त्यांच्या कार्यालयात करायचा. वैद्यकीय मंडळ तपासणी करून किती टक्के अपंगत्व आलं ते ठरवतं आणि त्यावर पैसे मिळतात. ह्या रोगाने कामगार गेला तर त्याच्या पत्नीलाही हक्क आहे. ई.एस.आय. लागू नसेल तर भरपाईसाठी नेमलेल्या सक्षम अधिकाऱ्याकडे दावा करायचा. त्याला साधारण दोन वर्षांची मुदत असते. उशिराचं सबळ कारण दाखवलं तर तो माफ होऊ शकतो, पण त्या भरवशावर बसू नका.

अहमदाबादच्या ग्राहक शिक्षण व संशोधन केंद्राच्या अर्जावर सर्वोच्च न्यायालयाने २७ जानेवारी १९९५ रोजी मोठा निकाल दिला. कामगाराचं आरोग्य हा त्याच्या जगण्याच्या हक्काचाच भाग आहे, असं न्यायालयाने सांगितलं. तपासणीत रोग ठरेल त्या कामगाराला कारखान्याने एक लाख रुपये द्यावेत, आणि प्रत्येक कामगाराच्या आरोग्याची नोंद कामाला लागल्यापासून चाळीस वर्षं किंवा काम सोडल्यावर पंधरा वर्षं, जे नंतर येईल तोवर जपावी, असा आदेश दिला.

मी तिथेच बोटं मोजली. काकांच्या बाबतीत ही मुदत २०१९ सालीच संपली. म्हणजे कारखान्याने कागद ठेवलेच पाहिजेत असं आता नाही. पुरावा उरला तो काकूंच्या ट्रंकेत, आणि तोही तराजूत पडणार होता!

तेव्हा घरातला कुणी अशा गिरणीत, पत्र्यांच्या किंवा ब्रेकच्या कारखान्यात, गोदीत काम करत असेल किंवा केलं असेल, तर नेमणुकीचं पत्र, पगाराच्या चिठ्ठ्या, ई.एस.आय. कार्ड, प्रॉव्हिडंट फंडाचे कागद, जुने एक्स-रे आणि दवाखान्याच्या चिठ्ठ्या एका पिशवीत घालून दागिन्यांसारख्या जपा. डॉक्टरकडे गेल्यावर जुन्या नोकरीचं आपणहून सांगा.

आणि घरातली धूळ? काकू सांगत होत्या, "ह्यांचे कपडे पांढरे फटक यायचे. मी गॅलरीत झटकायची आणि मग भिजवायची." ऐकून माझ्या पोटात गोळा आला. कामगारांचे कपडे धुणाऱ्या घरच्या बायकांनाही मेसोथेलियोमा झाल्याचं लंडनमधल्या १९६५ सालच्या अभ्यासात दिसलं होतं. भरपाईचा कायदा मात्र कामगारालाच ओळखतो, त्याचे कपडे धुणारीला नाही. म्हणून असे कपडे कारखान्यातच बदलून धुतले जावेत असा आग्रह धरा. घरी आलेच तर झटकू नका, तसेच पाण्यात बुडवा आणि वेगळे धुवा.

पांढऱ्या ॲस्बेस्टॉसच्या पत्र्यांवर आपल्याकडे बंदी नाही, आणि किती तरी घरांवर ते आहेत. धड पत्र्याने घाबरून जायचं कारण नाही. पण शेवाळ तारेच्या ब्रशने खरवडू नका, भोकं पाडू नका, फुटका तुकडा चुलीखाली किंवा पाटा ठेवायला घेऊ नका. चुरा पडलाच तर झाडू न मारता ओल्या फडक्याने टिपा.

काकांचा अर्ज गेल्या सोमवारी आम्ही दोघींनी बसून लिहिला. काकूंनाही एक एक्स-रे काढायला लावलाय. ट्रंक पुन्हा माळ्यावर गेली आहे, कुलूप लावून. तुमच्या माळ्यावरची ट्रंक रिकामी करण्याआधी एकदा आत वाकून बघाल ना?